आडनावाचा माग आणि पाद्र्याची वही

(धागा : स्वीडनहून अमेरिकेला गेलेला पूर्वज दप्तरांतून कसा शोधतात, आणि सापडल्यावर नेमके काय सापडते)

१/
अमेरिकेतल्या स्वीडिश वंशाच्या घरांत एक हकिकत हमखास ऐकू येते. पणजोबा बोटीतून एलिस बेटावर उतरले, घाईत असलेल्या कारकुनाला त्यांचे नाव नीट ऐकू आले नाही, त्याने मनाला येईल ते आडनाव वहीत लिहून टाकले आणि मूळ आडनाव कायमचे हरवले. हकिकत करुण आहे, सांगायला सोपी आहे, आणि जवळजवळ नेहमीच खोटी आहे.

२/
एलिस बेटावरचे कारकून नावे नव्याने लिहून घेतच नसत. बोट ज्या बंदरातून सुटे तिथेच प्रवाशांची यादी तयार होई. बेटावर त्या यादीशी माणूस पडताळून पाहिला जाई. शिवाय ते केंद्र उघडले १ जानेवारी १८९२ रोजी. स्वीडनमधून सर्वांत मोठी लाट गेली ती १८८० च्या दशकात. त्या दहा वर्षांत तीन लाखांहून अधिक माणसे गेली. म्हणजे ज्या पणजोबांचे आडनाव बेटावर हरवल्याचे सांगतात, त्यांच्यापैकी पुष्कळांनी ते बेट पाहिलेही नव्हते.

नावे बदलली, हे मात्र खरे. ती बदलली स्थलांतरितांनी स्वतः. कुणी सोयीसाठी, कुणी मुकादमाला उच्चारता यावे म्हणून. आणि कुणी मागचे काही मागेच राहावे म्हणून.

३/
अशा एका माणसाचा नातू पुढे जगप्रसिद्ध झाला.

२० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कजवळून एकट्याने विमान घेऊन निघाला आणि साडेतेहेतीस तासांनी पॅरिसला उतरला. त्याचे वडील चार्ल्स ऑगस्ट लिंडबर्ग १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे मिनेसोटातून अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. आजोबा ऑगस्ट लिंडबर्ग हे स्थलांतरितांची पहिली पिढी. मिनेसोटातल्या मेलरोज गावाजवळ जमीन कसून राहिलेले. १८६१ मध्ये लाकडाच्या गिरणीत झालेल्या अपघातात त्यांनी एक हात गमावला आणि त्यानंतरही शेती केली.

आता या आजोबांना स्वीडिश दप्तरात शोधायचे. 'ऑगस्ट लिंडबर्ग' या नावाने कितीही शोधले तरी ते सापडत नाहीत. कारण त्या नावाने हा माणूस स्वीडनमध्ये जगलाच नव्हता.

४/
जगला होता तो ओला मोन्सन. जन्म १८०८ चा. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतातल्या गॉर्डलोसा या गावचा शेतकरी, आणि १८४७ पासून स्वीडिश संसदेत शेतकऱ्यांच्या सभागृहाचा सदस्य. (तेव्हाची संसद चार वर्गांची होती : सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी. ही रचना १८६६ मध्ये मोडली.) उदारमतवादी सुधारणांचा पुरस्कर्ता म्हणून त्याचे नाव झाले होते. माल्मो येथील बँकेच्या कारभारातही तो होता. तिथल्या व्यवहारांवरून त्याच्यावर अफरातफरीचा आरोप आला आणि खटला उभा राहिला. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये, वयाने जवळजवळ तीस वर्षांनी लहान असलेल्या लोविसा नावाच्या स्त्रीपासून त्याला मुलगा झाला.

१८५९ मध्ये लोविसा आणि तान्हे बाळ यांना घेऊन ओला मोन्सन अमेरिकेला निघून गेला. मागे राहिली त्याची पत्नी इंगार योन्सडॉटर, आणि मुले. समुद्रापलीकडे पोचला तो ऑगस्ट लिंडबर्ग. बाळाचे नाव कार्ल ऑगस्ट. तेच पुढे काँग्रेसचे सदस्य झालेले चार्ल्स ऑगस्ट.

५/
पूर्वजांचा शोध घेणारे बहुतेक लोक आडनाव हातात धरून निघतात. स्वीडनच्या बाबतीत ही सुरुवातच चुकीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात सामान्य स्वीडिश माणसाला, आज ज्याला आडनाव म्हणतात तसे काही नव्हतेच. ओला मोन्सन म्हणजे मोन्सचा मुलगा ओला. इंगार योन्सडॉटर म्हणजे योन्सची मुलगी इंगार. त्यांचा मुलगा ओल्सन, मुलगी ओल्सडॉटर. मराठी माणूस वडिलांचे नाव मधे लावतो, स्वीडिश शेतकरी ते शेवटी लावत असे आणि तिथेच थांबत असे. पिढी बदलली की शेवटचे नाव बदलले. त्या शतकाच्या उत्तरार्धात ही पितृनामे हळूहळू गोठली आणि अँडरसनचा मुलगाही अँडरसनच राहू लागला.

६/
त्यात सैनिकांची आणखी एक गंमत. स्वीडिश लष्कराच्या जुन्या व्यवस्थेत काही शेतवाड्या मिळून एक सैनिक पोसत आणि त्याला एक झोपडी व जमिनीचा तुकडा देत. एका पलटणीत वीस-वीस अँडरसन असले तर हुकूम कुणाला द्यायचा? म्हणून प्रत्येकाला एक छोटे नाव दिले जाई : रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धीट, स्टोल म्हणजे पोलाद. सैनिक निवृत्त झाला की बरेचदा तेच नाव त्या झोपडीत येणाऱ्या पुढच्या सैनिकाला मिळे. म्हणजे एकाच झोपडीतले दोन 'रास्क' एकमेकांचे कुणीच नसत, आणि सख्ख्या भावांची नावे तीन तऱ्हेची असत. या देशात आडनावावरून वंशवृक्ष काढणे म्हणजे दाराच्या रंगावरून घरमालक ओळखणे.

७/
मग ओळखायचे कशावरून? गावावरून. शेतवाडीवरून. पॅरिशवरून, म्हणजे एका चर्चच्या हद्दीवरून. स्वीडिश दप्तर माणसांच्या क्रमाने लावलेले नाही, जागांच्या क्रमाने लावलेले आहे.

८/
१६८६ च्या चर्च-कायद्याने स्वीडनमधल्या प्रत्येक पाद्र्यावर नोंदवह्या ठेवण्याची सक्ती केली : जन्म-बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू, हद्दीत आलेले आणि हद्दीतून गेलेले. यांच्या जोडीला एक वही होती, जिला जगात फारशी तोड नाही. तिचे स्वीडिश नाव लांबलचक आहे. तिला 'परीक्षावही' म्हणू. पाद्री वर्षातून एकदा वाडी-वस्तीवर जाई, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवी आणि त्यांना वाचता येते का, ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरी पाठ आहे का, तिचा अर्थ कळतो का, हे तपासून प्रत्येकाच्या नावापुढे खुणांनी गुण मांडी. धर्मज्ञान नसेल तर लग्नही अडे.

९/
या वहीचे एक पान कसे असते ते नीट पाहण्याजोगे आहे. वर शेतवाडीचे नाव. खाली पहिला शेतकरी, मग त्याची बायको, मग मुले वयाच्या क्रमाने. त्यांच्याखाली गडी आणि मोलकरणी. मग त्या वाडीच्या जमिनीवर झोपडी बांधून, भाड्याऐवजी वेठीचे दिवस भरणारी कुळे. मग आश्रित. सगळ्यांत शेवटी पॅरिशच्या धर्मादायावर जगणारे म्हातारे आणि अपंग. प्रत्येकापुढे जन्मतारीख, जन्माची पॅरिश, कुठून आला, कुठे गेला, देवी काढल्या की नाही (१८१६ पासून सक्तीच्या होत्या), वाचन, प्रश्नोत्तरी, आणि शेराच्या रकान्यात जे काही पाद्र्याला खुपले ते.

एक वही साधारण पाच ते दहा वर्षे चाले. माणूस मेला किंवा गेला की त्याच्या नावावर आडवी रेघ. १८९० च्या दशकात परीक्षेचे रकाने मागे पडून या वह्यांचे रूप बदलले, पण जागेनुसार नोंद ठेवण्याची पद्धत राहिली.

१०/
वंशशोधकांच्या लिखाणात या वह्यांचे वर्णन नेहमी 'खजिना' असे होते. स्वीडिश लोक किती व्यवस्थित, असे कौतुकही त्याला जोडून येते. कौतुक जरा थांबवावे. ही वही पणतवंडांसाठी लिहिलेली नाही. कोण श्रद्धेत कच्चा, कोण आज्ञेबाहेर, कुणाच्या पोटी लग्नाबाहेरचे मूल, कोण परवानगीवाचून हद्द सोडून गेला, हे वरिष्ठांना कळावे म्हणून ती लिहिली. १७४९ मध्ये याच वह्यांवरून सरकारने देशभराची लोकसंख्या-कोष्टके काढायला सुरुवात केली. हेतू उघड होता : फौजेला माणसे किती आणि तिजोरीला कर किती. सुरुवातीला ते आकडे राज्याचे गुपित मानले जात.

११/
आणि जी माणसे पुढे अमेरिकेला गेली त्यांपैकी मोठा भाग पानाच्या खालच्या अर्ध्यातला होता.

१२/
मोलकरणींचेच घ्या. १८३३ च्या नोकर-कायद्याने, जो १९२६ पर्यंत टिकला, गडी-मोलकरीण वर्षभरासाठी बांधली जाई. वर्ष संपे ते ऑक्टोबरच्या अखेरीस; तेव्हाच मालक बदलता येई. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने कुणाची तरी चाकरी धरलेली असलीच पाहिजे, नाही तर तो भटका, अशी कायद्याची दृष्टी १८८५ पर्यंत होती. प्रौढ नोकराला मारण्याचा मालकाचा हक्क १८५८ पर्यंत होता.

त्यामुळे सोळाव्या वर्षी घराबाहेर पडलेल्या एखाद्या मुलीचा माग काढायचा, तर दरवर्षी एक पान उलटावे लागते. ही वाडी, ती वाडी, शेजारची पॅरिश, पुन्हा पहिली. सातव्या-आठव्या पानावर तिच्या नावावर रेघ येते आणि पुढे दोनच शब्द : 'उत्तर अमेरिका'.

१३/
ते दोन शब्द सापडले की शोधकाला आनंद होतो. होऊ द्यावा. पण आधीची सात पाने वगळून फक्त त्या दोन शब्दांचे छायाचित्र चौकटीत लावले, तर ती मुलगी का गेली हेच चौकटीबाहेर राहते.

१४/
लोक का गेले याची चौकशी स्वीडिश सरकारनेही केली, जरा उशिरा. गुस्ताव सुंडबर्ग यांच्या नेतृत्वाखाली १९०७ मध्ये एक आयोग बसला. त्याचे काम १९१३ पर्यंत चालले. साधारण १८५० ते १९३० या काळात बारा-तेरा लाख स्वीडिश माणसे अमेरिकेला गेली, आणि १९०० साली देशाची लोकसंख्या होती जेमतेम ५१ लाख. तेव्हा धास्ती वाटणे साहजिक होते. आयोगाने अमेरिकेतल्या स्थलांतरितांना पत्रे पाठवायला सांगितले आणि ती छापली. त्यांत दारिद्र्य आहे, जमिनीचे तुकडे आहेत, १८६७ आणि १८६८ या दोन नापिकीच्या वर्षांच्या आठवणी आहेत. पण वारंवार येते ते दुसरेच : मतदानाचा हक्क नव्हता, आणि मोठ्या माणसांपुढे टोपी काढून उभे राहावे लागे.

धर्माचाही भाग होता. घरात खाजगी प्रार्थनासभा घेण्यावर १७२६ पासून बंदी होती, ती १८५८ पर्यंत उठली नाही. एरिक यान्सन आणि त्याच्या अनुयायांनी १८४६ मध्ये इलिनॉयला जाऊन बिशप हिल ही वसाहत उभारली ती त्यामुळेच.

१५/
आता प्रत्यक्ष शोधाची रीत. ती उलटी आहे. स्वीडनला जायची घाई करायची नाही. आधी अमेरिकेतले कागद संपवायचे. कारण स्वीडिश वहीचे कुलूप पॅरिशच्या नावाने उघडते आणि ते नाव बहुधा अमेरिकेतच कुठेतरी पडलेले असते.

१६/
अमेरिकी जनगणनेत ते मिळत नाही. तिथे जन्मस्थळ म्हणून फक्त 'स्वीडन' लिहिलेले असते. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना-वर्ष आणि आगमनाचे वर्ष मिळते, हे मात्र मोलाचे. १८९० ची जनगणना जवळजवळ समूळ गेली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये आग लागली आणि जे भिजके-जळके उरले तेही पुढे सरकारनेच नष्ट केले. म्हणजे मोठ्या लाटेनंतरचे पहिलेच चित्र नाही.

नागरिकत्वाच्या कागदांत १९०६ पूर्वी बहुतेक वेळा एवढेच असते, की अमुक माणूस स्वीडन आणि नॉर्वेच्या राजाची निष्ठा सोडतो आहे. कुठल्या गावाहून आला याची अमेरिकी न्यायालयाला काय पडलेली!

१७/
पडलेली होती ती चर्चला. स्वीडिश ल्यूथरपंथीयांनी अमेरिकेत १८६० मध्ये ऑगस्टाना सिनड स्थापली. तिच्या मंडळ्यांनी नोंदवह्या ठेवल्या त्या स्वीडिश भाषेत आणि थेट गावाकडच्या पद्धतीने : जन्मतारीख, जन्माची पॅरिश, अमेरिकेत कधी आला, आधी कुठल्या मंडळीत होता. इलिनॉयमधल्या रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजात असलेल्या स्वेन्सन केंद्रात अशा शेकडो मंडळ्यांच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती आहेत. ज्या पाद्र्याच्या नजरेतून सुटायला माणूस चार हजार मैल गेला, त्याच पाद्र्याच्या भाऊबंदाने त्याला मिनेसोटात पुन्हा वहीत मांडले, आणि त्या वहीमुळेच आज तो सापडतो. ही विसंगती कुठल्याही कादंबरीकाराला सुचली असती तर त्याने कान धरून घेतले असते, इतकी ती आयती आहे.

१८/
मधला प्रवास थोडक्यात. निघताना पाद्री स्थलांतराचा दाखला देई. त्यावर जन्म, चालचलणूक, धर्मज्ञान आणि लग्नाला मोकळा आहे की नाही, हे सगळे असे. गोथेनबर्गच्या पोलिसांनी १८६९ पासून परदेशी जाणाऱ्यांच्या याद्या ठेवल्या, माल्मोच्या पोलिसांनी १८७४ पासून. बहुतेक जण गोथेनबर्गहून बोटीने इंग्लंडमधल्या हल बंदराला जात, तिथून आगगाडीने लिव्हरपूल, आणि मग अटलांटिक. गोथेनबर्गहून न्यूयॉर्कला थेट जाणारी स्वीडिश बोट १९१५ मध्ये सुरू झाली. तेव्हा 'पणजोबा थेट स्वीडनहून न्यूयॉर्कला आले' हे वाक्य ऐकले की आधी साल विचारावे.

१९/
दाखला न घेता गेलेले वेगळे. सक्तीची लष्करी सेवा चुकवणारे, बोटीवरून पळालेले खलाशी, कर्जबाजारी. ते कुठे गेले हे पाद्र्याला ठाऊक नसे, पण मेल्याची नोंद नाही म्हणून नाव काढून टाकताही येत नसे. अशांची नावे वहीच्या शेवटी वेगळ्या पानांवर नेऊन ठेवत. त्यांना लावलेला स्वीडिश शब्द आहे 'ओबेफिंतलिग'. अर्थ : न सापडणारा, जवळजवळ 'नसलेला'.

काही जण नेब्रास्कात गहू पेरत असताना गावाकडच्या पानावर वर्षानुवर्षे 'नसलेले' म्हणून हजर होते.

२०/
स्त्रियांच्या बाबतीत मात्र ही जाचक वही अमेरिकी कागदांपेक्षा दयाळू ठरते, हे सांगितलेच पाहिजे. स्वीडिश शेतकरी-स्त्री लग्नानंतरही बापाच्याच नावाने ओळखली जाई. इंगार योन्सडॉटर लग्नानंतरही योन्सडॉटरच राहिली, ओलाची सावली झाली नाही. तीच बाई अमेरिकेत उतरली की मिसेस अमुक होते. १९२२ पर्यंत तिचे नागरिकत्वही नवऱ्याच्या कागदाला जोडलेले. माहेर पुसले जाते. अमेरिकेत हरवलेल्या पणजीला स्वीडनमध्ये गाठणे, पॅरिश कळली तर, पणजोबांपेक्षा अवघड नसते.

लग्नाबाहेरच्या मुलांपुढे मात्र वही निर्दय शब्द लिहून ठेवते. बाप बहुधा कोरा. १७७८ च्या एका राजाज्ञेने आईलाही नाव न सांगता बाळंत होण्याची मुभा दिली होती, बालहत्या थांबाव्यात म्हणून. तिथे आईचा रकानाही कोरा. वंशवृक्ष पूर्ण करायला निघालेल्याला हा कोरेपणा छळतो आणि मग माहितीजालावरच्या वंशवृक्षांत शेजारच्या पॅरिशमधला कुणी तरी अँडर्स अँडरसन आणून तिथे बसवला जातो. एकाने बसवला की शंभर जण नकलून घेतात. कोरा रकाना हाही पुरावा आहे. तो कोराच ठेवण्याची शिस्त पाळली नाही तर उरलेल्या रकान्यांना किंमत राहत नाही.

२१/
इथे लिंडबर्ग घराण्याकडे परत यायला हवे, कारण खरा वाद इथे आहे : पूर्वज सापडला म्हणजे काय सापडले?

१९३९ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, वैमानिक लिंडबर्गने 'रीडर्स डायजेस्ट' मध्ये विमानविद्या आणि वंश यांवर एक लेख लिहिला. गोऱ्या राष्ट्रांनी आपसांत लढू नये, युरोपीय रक्ताचा वारसा जपावा, असा त्याचा रोख होता. वारसा म्हणजे रक्त. रक्त म्हणजे श्रेष्ठत्व.

२२/
या विचाराला स्वीडनमध्ये तर सरकारी घर मिळाले होते. १९२२ मध्ये उप्सालाला राज्याची वंशजीवशास्त्र-संस्था सुरू झाली, आणि तिचा पहिला प्रमुख होता हेर्मान लुंडबोर्ग. त्याने १९१३ मध्येच ब्लेकिंगे प्रांतातल्या एका शेतकरी घराण्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यात २,२३२ माणसे पिढ्यानपिढ्या मांडली होती आणि त्यांचे आजार, व्यसने, वेड हे सगळे 'बिघडत्या रक्ता'चा परिणाम म्हणून दाखवले होते. ही माणसे त्याला कुठून मिळाली? चर्चच्या वह्यांतून. पाद्र्याने शेराच्या रकान्यात जे लिहिले होते, 'मंदबुद्धी', 'दारुडा', 'दुर्वर्तनी', ते विज्ञानाचा पुरावा ठरले. स्वीडनमध्ये १९३४ मध्ये नसबंदीचा कायदा आला. तो काळ १९७५ पर्यंत चालला.

२३/
म्हणून 'वंशशोध हा निरुपद्रवी छंद आहे' हे मान्य करता येत नाही. वही तीच, पाने तीच. लुंडबोर्गने पान उभे वाचले : बाप, आजोबा, पणजोबा, आणि त्यांच्यातून वाहणारे काल्पनिक काही तरी. आजचा हौशी शोधकही बहुधा उभेच वाचतो. फक्त त्याला दोषाऐवजी गौरव हवा असतो. आपल्याकडचे कुलवृत्तांतही असेच उभे वाचलेले असतात, कर्तबगार पुरुषांच्या शिड्या. डीएनए-चाचणीच्या कंपन्या 'इतके टक्के स्कँडिनेव्हियन' असा दाखला देतात, तीही तीच तऱ्हा. त्या टक्क्यांत गॉर्डलोसा नसते आणि ऑक्टोबरची अखेरही नसते.

२४/
पान आडवे वाचावे. पानावर एक घर, एक वाडी, एक गाव एका वेळी उभे असते. कोण कुणाच्या जमिनीवर, कोण कुणाच्या चाकरीत, कोण कुणाच्या भाकरीवर. ओला मोन्सनची कथा उभी वाचली, तर ती संसद-सदस्यापासून काँग्रेस-सदस्यापर्यंत आणि तिथून अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकापर्यंत चढत जाते. काय दिमाखदार वंश! आडवी वाचली, तर एक माणूस खटला, पत्नी आणि मुले मागे टाकून गेला, आणि त्याने घेतलेल्या नव्या नावामुळे ते मागे पडणे झाकले गेले.

दोन्ही वाचने खरी आहेत. पण दुसऱ्याला कागदाचा आधार जास्त आहे.

२५/
(२००३ मध्ये डीएनए-चाचणीने सिद्ध झाले, की वैमानिक लिंडबर्गला जर्मनीत म्युनिकमध्ये एका गुप्त संसारातून तीन मुले होती. लगेच 'आजोबांचेच रक्त' अशी कुजबूज होणे स्वाभाविक. पण तो लुंडबोर्गचाच मोह आहे. आजोबा आणि नातू यांच्यात समान काय होते ते रक्तात शोधण्याआधी हे पाहावे, की दोघांनाही नाव बदलून दुसरे घर मांडण्याइतकी मोकळीक होती आणि त्यांच्या बायकांना नव्हती.)

२६/
आडवे वाचन समुद्रापलीकडेही करावे लागते. स्वीडिश शेतकऱ्यांना मिनेसोटा 'रिकामे' मिळाले, असे घरोघरी सांगतात. ते रिकामे नव्हते, रिकामे केले होते. सेंट क्रॉय नदीचे खोरे, जिथे १८५० च्या दशकात स्वीडिश वस्ती वाढली, ते ओजिब्वे आणि डाकोटा यांच्याकडून १८३७ च्या तहांनी घेतले गेले. पश्चिमेकडचा विस्तीर्ण प्रदेश १८५१ च्या तहांनी. तहाचे पैसे वेळेवर न पोचल्याने आणि उपासमारीने १८६२ मध्ये डाकोटांचा उठाव झाला, आणि २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ डाकोटांना एकाच वेळी फाशी दिले गेले. पुढच्या वर्षी कायदा करून डाकोटांना राज्याबाहेर घालवले.

त्याच १८६२ मध्ये होमस्टेड कायदा आला : पाच वर्षे राहा, कसा, आणि १६० एकर घ्या. या जमिनीच्या धारिका आज वंशशोधकांना अतिशय प्रिय आहेत, कारण त्यांत घर किती फुटांचे, विहीर किती खोल, किती एकर नांगरली, हे सगळे साक्षीदारांसह असते. आधी तिथे कोण होते, याचा रकाना त्यांत नाही.

२७/
१ जुलै १९९१ रोजी स्वीडिश चर्चने लोकसंख्येची नोंदणी करखात्याकडे सोपवली. जुन्या वह्या राष्ट्रीय दप्तरखान्यात गेल्या. त्यांची छायाचित्रे २०१८ पासून कुणालाही फुकट पाहता येतात. आता अडसर पैशाचा किंवा अंतराचा उरलेला नाही. अडसर आहे तो जुन्या वळणाच्या हस्ताक्षराचा आणि वाचण्याच्या सवयीचा.

२८/
'उत्तर अमेरिका' हे शब्द ज्या पानावर सापडतात, ते पान बहुतेक शोधक तिथेच बंद करतात आणि गोथेनबर्गच्या प्रवासी-याद्यांकडे वळतात. त्या पानावर रेघ मात्र एकाच नावावर असते. वरची-खालची नावे तशीच असतात. पुढच्या पाच-दहा वर्षांच्या वहीत ती वाडी पुन्हा येते : घर आता कुणाच्या नावावर आहे, गेलेल्याची बायको पहिल्या ओळीत राहिली की आश्रितांत उतरली, मुली कुणाच्या घरी चाकरीला गेल्या, आणि काही वर्षांनी त्यांच्यापैकी कुणाच्या नावापुढे तेच दोन शब्द आले, हे तिथे ओळीने लिहिलेले असते.